लोखंड दिसलं की तेल

शेतकऱ्याच्या घरात लोखंडाशी वागायची एकच रीत असते. काम झालं की पुसायचं, तेल चोपडायचं आणि कोरड्या जागी ठेवायचं. नांगराचा फाळ, कुळवाची पास, विळा, कुऱ्हाड, पाण्याच्या मोटारीचे नटबोल्ट, सगळ्यांना हाच न्याय. ही रीत कुणी शिकवत नाही, बघता बघता ती हातात उतरते. माझ्याही हातात उतरली होती आणि तिचा मला जरा गर्वच होता. आमच्या गावात, सास्तुरात, कुणाच्या कडबाकुट्टीची पाती गंजली, कुणाचा फवारणी पंप आखडला, की लोक माझ्याकडे यायचे. तेल, ग्रीस, डिझेल आणि तारेचा ब्रश एवढ्यावर माझं दुकान चालायचं.

मग घरात जुनी का होईना, चारचाकी आली. तिच्या चाकांच्या आत असं लोखंड होतं, ज्याला तेलाचा थेंब चालत नाही आणि पावसाळाभर पाणी मात्र लागतच राहतं. त्याच्याशीही मी फाळाशी वागावं तसाच वागलो. ब्रेकचा गंज काढायच्या नादात मी ज्या चुका केल्या त्या इथं सांगतो आहे. गाडीच्या मिस्त्रीचा त्यात काही दोष नाही. त्यानं जे सांगितलं होतं ते मी ऐकलं नाही, आणि जे विचारायला हवं होतं ते विचारलं नाही.

कचकून ओढलेला हँडब्रेक

आमचं गाव भूकंपानंतर नव्यानं वसलेलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं त्यात दगडमातीचं जुनं सास्तूर गेलं. लोक बराच काळ पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये राहिले. पक्की घरं मिळाल्यावर ते पत्रे कुणी टाकले नाहीत. कुणाच्या गोठ्यावर गेले, कुणाच्या न्हाणीघरावर. आमच्याकडच्या पत्र्यांची पुढे गाडीसाठी शेड झाली. तीन बाजूंनी उघडी, खाली माती.

२५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा गाडी या शेडमध्ये उभी होती. जमिनीला थोडा उतार आहे, म्हणून मी हँडब्रेक नेहमीसारखा कचकून ओढलेला होता. शेजारी खताच्या गोण्यांची थप्पी, अगदी मागच्या चाकाला टेकून. त्यात पोटॅशही होतं. आपण ज्याला नुसतं पोटॅश म्हणतो ते बहुतेक वेळा म्युरिएट ऑफ पोटॅश असतं, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाच्याच जातीचा क्षार. पावसाळ्यात जमिनीला ओल आली, तळाच्या गोण्या पाझरल्या आणि ते खारं पाणी चाकाखाली साचत राहिलं. थंड देशांत रस्त्यावरचं बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि त्यानं गाड्यांचा तळ सडतो. अमेरिकेतल्या वाहन सुरक्षा यंत्रणेला २०१५ साली ब्रेकच्या पाइपांना लागणाऱ्या गंजाबद्दल गाडीवाल्यांना जाहीर सावध करावं लागलं होतं. मराठवाड्यात बर्फ नाही आणि रस्त्यावर मीठही नाही. मी ते पैसे देऊन आणलं होतं आणि चाकाशी रचून ठेवलं होतं.

मधल्या काळात ये-जा सुरू झाली, पण आमचं मोटारसायकलवर भागत होतं. ऑक्टोबरच्या मध्याला आमच्या भागात अतिवृष्टी झाली. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेल्यावर गाडीची आठवण कुणाला राहणार? दिवाळीत सासुरवाडीला निघायचं ठरलं तेव्हा बॅटरी चार्ज करून आणली आणि किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं. हँडब्रेक खाली केला, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीनं नुसतं नाक खाली घातलं. मागची चाकं जागची हलेनात.

इथं थांबून विचार करायला हवा होता. मी ॲक्सिलरेटर दाबला. क्लचचा जळका वास आला तरी दाबतच राहिलो. शेवटी मागून खाडकन आवाज आला आणि गाडी सुटली. घरच्यांसमोर मी विजयी मुद्रेनं खाली उतरलो. सासुरवाडीपर्यंत मागून कुईकुई आणि खरखर येत होती. तो घुसलेल्या मातीचा आवाज असेल, असं मी सगळ्यांना सांगितलं.

नंतर उमरग्याच्या मिस्त्रीनं ड्रम उघडला तेव्हा एका शूवरचं लायनर अख्खं निघून आत फिरत होतं. त्यानं ड्रमला आतून खोल चरे पाडले होते. झालं होतं ते असं. मागच्या ड्रममध्ये दोन अर्धगोल शू असतात, त्यांच्यावर लायनर चिकटवलेलं असतं. हँडब्रेक ओढला की लायनर ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर दाबून बसतं. ड्रम बिडाचा. बीड ओलं झालं की लगेच गंजतं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दाबून बसलेल्या लायनरच्या बारीक छिद्रांत तो गंज वाढत जातो आणि दोघांना जोडून टाकतो. मग जोर लावला की जिथं जोड कच्चा, तिथं तुटतं. माझ्या गाडीत गंजाचा जोड पक्का निघाला आणि कंपनीचा डिंक कच्चा.

खरं काम शांत डोक्याचं होतं. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दगड, हँडब्रेक सोडलेला. एकदा पुढे, एकदा मागे, हलक्या हातानं झोके देऊन बघायचं. नाहीच सुटलं तर चाक काढून ड्रमच्या कडेला लाकडाचा ठोकळा धरून चहूबाजूंनी ठोकायचं. पुष्कळ गाड्यांच्या ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतात. ती कशासाठी आहेत याचा मी कधी विचारच केला नव्हता. त्यात योग्य मापाचे दोन बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळत गेलं, की ते मागच्या हबला टेकतात आणि ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो. मी घणानं जे काम केलं असतं ते दोन बोल्ट करतात.

त्याहून सोपं म्हणजे हे सगळं होऊच न देणं. गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढायचा नाही. गिअरमध्ये ठेवायची आणि चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडाचे ठोकळे लावायचे. आमच्याकडे ट्रॉलीला सगळे दगड लावतात. कारला लावायचं मात्र कुणाला सुचत नाही.

लाल डिस्क आणि डिझेलचा बोळा

मागचं काम होईपर्यंत माझं लक्ष पुढच्या चाकांकडे गेलं. रिमच्या फटीतून डिस्क दिसत होती आणि ती विटकरी लाल झाली होती. सगळ्यात महागाची चूक मी इथं केली.

डिस्कचा हा गंज मुळात घाबरण्यासारखा नसतो. डिस्कही बिडाचीच असते. तिला रंग देता येत नाही, मुलामा देऊन उपयोग नाही, कारण पॅड तिच्यावर घासणार आणि सगळं खरवडून काढणार. त्यामुळं गाडी धुतली, पाऊस पडला, नुसतं दव पडलं तरी रात्रीतून तिच्यावर लाल पापुद्रा येतो. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडाला पाण्याचा थेंब दिसायचीही गरज उरत नाही. पण हा गंज वरवरचा असतो. सकाळी गाडी काढली आणि चार-सहा वेळा ब्रेक दाबला की पॅड तो पुसून टाकतात. वापरातला फाळ जसा मातीनंच लखलखीत राहतो, तशी डिस्क ब्रेक दाबूनच स्वच्छ राहते. सुरुवातीला थोडी खरखर ऐकू येते, ती थांबते आणि विषय संपतो.

माझी गाडी मात्र कितीतरी महिने उभी होती. पापुद्रा जाड झाला होता. तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं तो काढता आला असता, मग थोडा वेळ मोकळ्या रस्त्यावर हळूहळू ब्रेक लावत चालवली असती तर काम झालं असतं. ब्रश मी मारलाही. पण मग डिस्क अशी पांढरीशुभ्र निघाली, आणि माझ्यातला शेतकरी जागा झाला. हिला पुन्हा गंज चढू नये! डिझेलमध्ये थोडं जुनं इंजिन ऑइल घालून चिंधीचा बोळा केला आणि दोन्ही डिस्कना आतून-बाहेरून हात मारला. फाळाला मारतात तसा.

संध्याकाळी माकणीच्या रस्त्याला गाडी फिरवायला नेली. निम्न तेरणा धरणाकडे जाणारा हा रस्ता त्या वेळी मोकळा असतो, म्हणून मी जरा वेगात होतो. वळणानंतर शेळ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. ब्रेक दाबला. पेडल नेहमीसारखं घट्ट लागलं, म्हणजे ऑइल, पाइप, सगळं ठीक होतं. गाडी मात्र थांबायचं नाव घेईना. पुन्हा दाबला, गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला. गाडी रस्ता सोडून बाभळीत शिरली आणि कळपाच्या अलीकडे थांबली. शेळ्या राखणारा पोरगा माझ्याकडे बघत उभा राहिला. मला त्याच्याशी एक शब्द बोलता आला नाही.

ब्रेक म्हणजे मुद्दाम केलेलं घर्षण, आणि तेल म्हणजे घर्षण घालवायचा उपाय. एवढं कळायला शाळेतलं विज्ञान पुरेसं होतं. त्यातही पॅड सच्छिद्र असतात. तापले की वरचं तेल आत ओढून घेतात आणि पुढे कितीतरी दिवस ते सोडत राहतात. डिस्क पुसली तरी पॅड पुन्हा तिला तेलकट करतात.

इथंही मी मिस्त्रीकडे गेलो नाही, कारण काय केलं ते सांगायची लाज वाटली. पॅड काढले, पॉलिश पेपरनं घासले आणि तेल उडून जावं म्हणून चुलीच्या निखाऱ्यावर भाजले. घरात धूर झाला, बोलणी बसली ती वेगळीच. पॅडमधला माल राळेनं बांधलेला असतो आणि लोखंडी पट्टीवर चिकटवलेला असतो. अशा भाजण्यानं ती राळ कमकुवत होते. शेवटी मिस्त्रीनं ते पॅड हातात घेतले, वास घेतला आणि म्हणाला, “मालक, हे टाकून द्या. आणि ब्रेकला परत तेल लावायची बुद्धी झाली, तर मला फोन करा, मी येऊन तुम्हाला धरून ठेवतो.”

तेलकट झालेले पॅड किंवा लायनर फेकायचेच असतात. डिस्क आणि ड्रम वाचवता येतात. त्यासाठी ब्रेक क्लीनर नावाचा स्प्रे मिळतो, तो तेल धुऊन काढतो आणि मागे काही न ठेवता उडून जातो. आखडलेले नट सोडवायला आपण जो दुसरा स्प्रे मारतो तो इथं चालत नाही, कारण तो स्वतःच तेलकट असतो. दोन्ही डबे माझ्या फळीवर शेजारी शेजारी होते. आता नाहीत.

संडासाचं ॲसिड आणि काकवी

चरे पडलेला ड्रम बदलावा लागला. दुसरा बरा होता, नुसता गंजलेला. शू दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा, छोट्या क्लिपा, कॅलिपरच्या पिना, सगळ्यांवर गंज होता. नवं आणण्यापेक्षा साफ करू, असं मी ठरवलं. संडास धुवायचं ॲसिड घरात होतं. प्लास्टिकच्या टोपल्यात ते ओतलं, स्प्रिंगा टाकल्या आणि रात्रभर शेडमध्ये ठेवून दिल्या.

सकाळी स्प्रिंगा नव्यासारख्या होत्या. पण शेडच्या खांबाला टांगलेले माझे सगळे पाने, पकडी, पहार आणि टोपल्याच्या वरचा कडबाकुट्टीचा पट्टा रात्रीत लाल झाले होते. ते ॲसिड हायड्रोक्लोरिक असतं. त्याची वाफ हवेत पसरते आणि आसपासच्या उघड्या लोखंडावर बसते. आजोबांच्या वेळची पहार, जिला मी कधी गंज चढू दिला नव्हता, तिलाही त्यानं सोडलं नाही. काही स्प्रिंगा साफ करायला घेतल्या आणि अख्ख्या शेडला गंज लावून बसलो.

स्प्रिंगांचं पुढचं दुखणं उशिरा कळलं. गाडीला बसवल्या, चालल्या, आणि काही आठवड्यांनी त्यातली एक तुटली. शू मोकळा होऊन ड्रमला घासत राहिला, चाक तापलं. ॲसिड लोखंडावर काम करतं तेव्हा हायड्रोजन सुटतो. त्यातला काही कडक पोलादात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. साध्या खिळ्याला त्याचा फारसा त्रास होत नाही. स्प्रिंग मात्र कडक पोलादाची आणि कायम ताणाखाली असते, तिला तो भोवतो. वरून ती चकचकीत दिसते आणि आतून मेलेली असते. ब्रेकच्या स्प्रिंगा तशा फार महाग नसतात. त्या साफ करण्यात मी जे वाचवलं त्याच्या कैक पट घालवलं.

ड्रमसाठी मात्र एक उपाय लागू पडला, आणि तो आमच्या भागातला आहे. जुनी यंत्रं दुरुस्त करणारे लोक जगभर गंज काढायला साखर कारखान्याची मळी पाण्यात मिसळून वापरतात. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, त्यात वस्तू बुडवून आठवडा-दोन आठवडे विसरून जायचं. मळीतली सेंद्रिय द्रव्यं गंजातलं लोखंड पकडून पाण्यात ओढतात आणि चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लावत नाहीत. उसाच्या पट्ट्यात राहूनही मळी सहज मिळत नाही. तिची खरेदी-विक्री दारूच्या कायद्याखाली, परवान्याची. मी खराब झालेली काकवी आणि फुटका गूळ वापरला. ड्रम अर्ध्या कापलेल्या पिंपात बुडवला. मिश्रण फसफसलं, आंबट वास सुटला, मुंगळे आणि माश्या जमल्या. पिंप गोठ्याच्या पलीकडे न्यावं लागलं. पण बाहेर काढून ब्रशनं धुतला तेव्हा ड्रम काळसर राखाडी, कोऱ्यासारखा निघाला. काढल्यावर गरम पाण्यानं धुऊन लगेच उन्हात वाळवायचा, नाहीतर डोळ्यांदेखत पुन्हा लाल होतो.

यश डोक्यात गेलं. उरलेलं सगळं मी त्याच पिंपात टाकलं. कॅलिपरच्या सरकत्या पिना, बोल्ट, क्लिपा, जे हाती येईल ते. बाहेर आलं ते सगळं स्वच्छ होतं, फक्त त्यांच्यावरची पिवळसर झाक गेली होती. ती झाक जस्ताच्या मुलाम्याची होती. लोखंडाच्या आधी जस्त झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. माझ्या डोक्यावरचे पत्रे १९९३ पासून ज्याच्या जिवावर टिकले होते, तोच मुलामा मी पिनांवरून धुऊन टाकला होता. पुढच्या पावसाळ्यात त्या पिना आधीपेक्षा वाईट गंजल्या. ॲल्युमिनियमचा भाग तर या पिंपात टाकूच नये, मिश्रण त्यालाच खातं. तो माझ्या हातून टाकला गेला नाही, पण त्यात माझी हुशारी नव्हती. तो सुटून निघत नव्हता.

जिथं ग्रीस हवं तिथं चुकीचं ग्रीस

डिस्कला तेल लावून हात पोळल्यावर मी उलट टोकाला गेलो होतो. ब्रेकमध्ये कुठंच काही लावायचं नाही, असं ठरवून बसलो. मिस्त्रीनं सांगितलं, की कॅलिपर ज्या पिनांवर मागे-पुढे सरकतं त्यांना ग्रीस लागतंच. मग मी ट्रॅक्टरचं ग्रीस लावलं. डबा भरलेला होता, हाताशी होता.

छोट्या गाड्यांच्या कॅलिपरमध्ये साधारणपणे एकाच बाजूला पिस्टन असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो. त्या रेट्यानं कॅलिपर पिनांवरून सरकतं आणि बाहेरचा पॅड ओढून आणतं. पिन आखडली तर बाहेरचा पॅड नुसता बसून राहतो आणि सगळा भार आतल्यावर येतो. पिनांना धूळपाण्यापासून वाचवायला रबरी टोप्या असतात. ब्रेकमधलं हे रबर खनिज तेलाच्या ग्रीसनं फुगतं. माझ्या गाडीत टोप्या फुगल्या, तोंडं सैल पडली, आत पाणी शिरलं. जस्त गेलेल्या पिना तिथं वाटच बघत होत्या.

गाडी ब्रेक लावला की डावीकडे ओढायला लागली. मी चाकाचं अलाइनमेंट करून आणलं. ओढणं थांबलं नाही. एका चाकाजवळ हात नेला की दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागायचं, तेही मी उन्हावर ढकललं. अखेर चाक उघडलं तेव्हा बाहेरचा पॅड जवळपास भरलेला होता आणि आतला लोखंडापर्यंत गेला होता. बाहेरून डोकावून मी दर वेळी भरलेला पॅडच बघत होतो.

पिनांसाठी सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस मिळतं, छोट्या ट्यूबमध्ये. एक ट्यूब माझ्यासारख्याला वर्षानुवर्षं पुरते. डिस्कवर, पॅडच्या घासणाऱ्या बाजूवर, लायनरवर आणि ड्रमच्या आत त्याचा अंशही लागू द्यायचा नाही. हात पुसून मगच पुढच्या भागाला हात लावायचा.

चाक परत बसवतानाही मी एक आगाऊपणा केला. हबचा गंज घासला आणि वर सुंदर काळा रंग दिला, डिस्क आणि रिम जिथं टेकतात तिथंही. रंगाचा थर दाबाखाली बसतो आणि नट सैल पडतात. नशिबानं खडखड वेळेवर ऐकू आली. ती जागा घासून कोरी ठेवायची असते. तिथं गंजाचा पापुद्रा राहिला तर डिस्क किंचित वाकडी बसते आणि ब्रेक लावताना पेडल पायाखाली थरथरतं.

ब्रेक ऑइलमधलं पाणी

बाहेरच्या गंजाशी एवढा झगडत होतो तेव्हा आतल्या गंजाचं माझ्या गावीही नव्हतं. ब्रेक ऑइल कमी दिसलं की मी वरून भरायचो, तेही फळीवर कधीपासून उघडी पडलेल्या बाटलीतून. हे ऑइल खनिज तेल नसतं. ते ग्लायकॉलच्या जातीचं असतं आणि हवेतलं पाणी शोषून घेतं. पाणी वाढलं की दोन गोष्टी होतात. पाइप आणि सिलिंडर आतून गंजतात, आणि ऑइल लवकर उकळतं. डॉट ३ प्रकारचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे. ३.७ टक्के पाणी शिरल्यावर हाच आकडा १४० वर येतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत.

तुळजापूरचं दर्शन करून आम्ही सोलापूरला निघालो होतो. घाट उतरताना मी ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत होतो, ही आणखी एक वाईट सवय. खाली पोचेपर्यंत पेडल मऊ झालं. ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की पाय बुडबुडेच दाबत राहतो. गाडी बाजूला घेऊन थंड होऊ दिली, मग दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू पुढे नेली. नंतर ऑइल काढलं तर ते चहासारखं गडद निघालं आणि मागच्या एका व्हील सिलिंडरमध्ये पिस्टनच्या बाजूनं गंजाचे खड्डे पडलेले. असा सिलिंडर घासून वापरायचा नसतो. खड्ड्यावरून रबर फाटतं आणि गळती सुरू होते. आता दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलून घेतो, सीलबंद बाटलीतलं, आणि उरलेलं पुढच्या वेळेसाठी ठेवत नाही.

आता काय करतो

गाडी धुतली किंवा पाण्यातून काढली, की लगेच शेडमध्ये लावत नाही. हलका ब्रेक दाबत थोडं अंतर चालवतो, म्हणजे डिस्क आणि लायनर तापून कोरडे होतात. खंडेनवमीला गाडी धुऊन, हार घालून, हँडब्रेक ओढून दिवसभर उभी करायची पद्धत आमच्याकडेही होती. आता धुतल्यावर आधी एक चक्कर होते, मग पूजा. वापर नसेल तेव्हाही गाडी आठवड्यातून एकदा रस्त्यावर नेतो. ब्रेक कमी वापरले तरी गंजतात. इलेक्ट्रिक गाड्यांत तर वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते, त्यामुळं त्यांच्या डिस्कचं हे दुखणं जास्त. खताच्या गोण्या शेडमधून हलवल्या आहेत.

पावसाळा संपला की चारही चाकं उघडून घेतो. ड्रममधली भुकटी फुंकून किंवा हवा मारून उडवत नाही. जुन्या आणि स्वस्त लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसात गेला की बाहेर येत नाही. ओल्या फडक्यानं पुसतो, तोंडाला मास्क लावतो. पिना हातानं सरकतात का, टोप्या फाटल्या आहेत का, आतला आणि बाहेरचा पॅड सारखा झिजला आहे का, हँडब्रेकची तार सोडल्यावर पूर्ण मागे येते का, हे बघतो. लांबचा प्रवास झाला की चारही चाकांजवळ हात नेऊन बघायची सवय लागली आहे. एखादं चाक वेगळं गरम लागलं तर दुसऱ्याच दिवशी उघडायचं.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं जो हाहाकार केला, तेव्हा आमची गाडी पुन्हा बरेच दिवस उभी होती. या वेळी गिअरमध्ये, चाकांना दगड लावून. उघडीप मिळाल्यावर काढली तर डिस्क लाल होत्या. मी ब्रश हातात घेतला नाही. गावाबाहेर जाऊन ब्रेक दाबत राहिलो, परत येईपर्यंत डिस्क उजळल्या होत्या.

काही कामं मी सोडून दिली आहेत. लोखंडी ब्रेक पाइपवर नुसता डाग असेल तर पुसून लक्ष ठेवतो, पण पापुद्रे सुटायला लागले की घासायचा नाही, बदलायचा. गंज घासून काढला तरी खाली उरलेलं लोखंड पातळ असतं, आणि जोरात ब्रेक दाबल्यावर ऑइलचा सगळा दाब त्याच पातळ जागेवर येतो. डिस्कवर कमीत कमी किती जाडी चालते तो आकडा मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो. त्याखाली गेली की ती कितीही चकचकीत असो, भंगारात. हवा काढायचा निपल गंजून आखडला असेल तर तो मिस्त्रीनंच सोडवावा. माझ्या हातून एक तुटला आणि कॅलिपर बदलावं लागलं.

शेजारीपाजारी अजूनही गंजलेल्या वस्तू घेऊन माझ्याकडे येतात. कडबाकुट्टीची पाती आली तर डिझेलचा डबा काढतो. कुणी ब्रेकचा भाग आणला तर आधी विचारतो, हा घासायचा आहे, सरकायचा आहे की दाब सोसायचा आहे? घासणारा असेल तर कोरडा ठेवायचा. सरकणारा असेल तर त्याच्याच जातीचं ग्रीस. दाब सोसणारा असेल आणि गंजानं त्याला खड्डे पाडले असतील, तर मी तो परत त्यांच्या हातात देतो आणि उमरग्याला पाठवतो.